रान आणि रानटीपणा

काही वर्षांपूर्वी वर्गात गोंधळ घालणाऱ्या एका मुलाला मी रागाने म्हणालो, “काय हा रानटीपणा!” मुलगा सालेकसा तालुक्यातील, जंगलकाठच्या गावचा. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, आमच्या रानात असं कोणी करत नाही.” मी निरुत्तर झालो. रान आणि रानटीपणा यांची सांगड कोणी घातली, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

इतिहासाचे उत्तर स्पष्ट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १८७८ च्या वन कायद्याने रानावरचे पिढीजात हक्क आकुंचित केले. गावगाड्याने तर त्याच्याही आधीपासून माणसे वेशीबाहेर ठेवली होती. ज्यांना बाहेर ठेवले, त्यांनाच रानटी ठरविले गेले.

कलावंतांनी मात्र रान वेगळ्या दृष्टीने पाहिले. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात छद्दन्त जातकाची इसवी सनापूर्वीची चित्रे आहेत. सहा सुळ्यांचा गजराज कळपासह अरण्यात राहतो. पूर्वजन्मीचा मत्सर मनात धरलेली राणी त्याच्या सुळ्यांसाठी शिकारी पाठविते. घायाळ गजराज सूड घेत नाही; आपले सुळे तो स्वतःच शिकाऱ्याला देतो. ते पाहून राणी कोसळते. या कथेत क्रौर्य राजवाड्यात जन्मते आणि करुणा अरण्यात नांदते. थेरगाथेतील महाकस्सप स्थविरांच्या गाथांतही पावसाने न्हालेले डोंगर, हत्ती आणि मोर येतात; त्या एकांतात स्थविरांचे मन रमते.

हीच आपुलकी आपल्या काळातही दिसते. वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढीत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली; २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांत माणूस, पक्षी, झाड आणि मुंगी एकाच साध्या रेषेतून आकार घेतात. तेथे माणूस रानाचा मालक नसतो.

दलित साहित्याने स्वतःचे दुःख स्वतःच्या शब्दांत मांडण्याची वाट मोकळी केली. भिल्ल समाजातील वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) आणि गोंड समाजातील भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ (१९९०) हे काव्यसंग्रह त्याच स्वाभिमानाने उभे आहेत. ‘उलगुलान’ हे नाव बिरसा मुंडांच्या उठावाची आठवण देते. इतरांनी ज्यांचे केवळ वर्णन केले, ते येथे स्वतः बोलू लागले.

धम्मपदाच्या मग्गवग्गात ‘वन’ हा शब्द तृष्णेसाठी येतो. भगवान बुद्धांनी छाटायला सांगितले ते मनातील वन. झाडांशी त्यांचे वैर नव्हते. रानटीपणा शोधायचा असेल, तर तो तेथे शोधावा.

आपल्या वसतिगृहात कचारगड, नागझिरा आणि नवेगावबांध परिसरातील मुले येतात. पालकांना विनंती, की मुलाच्या तोंडी झाडीबोलीचा किंवा गोंडीचा शब्द आला, तर त्याला गप्प करू नका. त्याला तो लिहू द्या, त्याचे चित्र काढू द्या.

तो मुलगा आज आपला माजी विद्यार्थी आहे. त्या दिवशी वर्गातच मागायला हवी होती, ती क्षमा मी आज येथे मागतो.