काड्यांचा चौकोन

आमच्या वर्गात विज्ञानाचे साहित्य थोडे आणि मुले जास्त. म्हणून बाईंनी चौघाचौघांचे गट पाडले. एकाने साहित्य आणायचे, एकाने प्रयोग करायचा, एकाने लिहायचे, एकाने आवरायचे. दर तासाला कामे बदलायची. मी मात्र पाळी नसतानाही साहित्य हिसकून घ्यायचो.

परवा गुल खरडलेल्या आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबच्या तुकड्यांत खोचल्या. अभियंते अरविंद गुप्ता यांनी १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात असे नमुने बनवले होते. त्रिकोण दाबला, तो हलला नाही. चौकोन लगेच कलला. मी तो टाकून दिला.

गटात नेहमी लिहीत बसणाऱ्या मुलीने तो उचलला. त्या दिवशी पाळी तिचीच होती! बाभळीच्या काट्याने समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना भोके पाडून तिने खराट्याची लांब काडी तिरपी बसवली. चौकोन घट्ट झाला, कारण त्याचे दोन त्रिकोण झाले. छपराच्या कैचीतही असेच त्रिकोण असतात.

मला फार लाज वाटली. आता लिहायची पाळी माझी आहे, म्हणून हे लिहिले. पालकांनो, जुनी व्हॉल्व्ह-ट्यूब फेकू नका, शाळेत पाठवा.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी