जोडणी कोठे तुटली, ते आधी शोधा
घर व दुकानाच्या नेटवर्कमधील दोष ओळखण्याची सोपी रीत

खाली दुकान, वर घर आणि दोहोंसाठी एकच इंटरनेट जोडणी, ही आज पुष्कळ लहान व्यापाऱ्यांची व कारागिरांची व्यवस्था आहे. त्याच एका राऊटरवर बिलाचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे, मुलांचे मोबाईल आणि घरातला टीव्ही चालतो. जोडणी बंद पडली की केवळ करमणूक थांबत नाही. ५० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. ते निघाले नाही तर भरलेला ट्रक दारात उभा राहतो. अशा वेळी घाईघाईने बटणे दाबली जातात, तारा उपसल्या जातात, प्रसंगी नवे यंत्र विकत आणले जाते. पैसा जातो आणि दोष जागेवरच राहतो.

माग थांबला म्हणून चांगला कारागीर बीम उतरवत नाही. धागा कोठे तुटला ते पाहतो, तेवढाच जोडतो आणि माग पुन्हा सुरू करतो. नेटवर्कचेही तसेच आहे. बाहेरून येणारी फायबरची तार, भिंतीवरची पेटी व राऊटर, राऊटरपासून यंत्रापर्यंतचा हवेतला किंवा तारेचा मार्ग, आणि शेवटी स्वतः यंत्र, असे या साखळीचे चार भाग आहेत. कोणता भाग तुटला हे कळले की अर्धे काम झाले.

आधी माल रवाना करा

ट्रक उभा असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडावा व ई-वे बिल काढावे. त्याचा क्रमांक ड्रायव्हरला मोबाईलवर पाठवता येतो. बीजक मात्र सोबत द्यावेच लागते. त्यासाठी प्रिंटर यूएसबीच्या तारेने थेट संगणकाला जोडून छपाई करावी. यातून एक परीक्षाही होते. हॉटस्पॉटवर संगणक चालला, म्हणजे संगणक ठीक आहे, दोष घरच्या राऊटरकडे किंवा बाहेरच्या तारेत आहे.

एक यंत्र बंद की सगळी?

हा पहिला प्रश्न. सगळीच यंत्रे बंद असतील तर एकेका मोबाईलची किंवा संगणकाची सेटिंग बदलत बसू नये. भिंतीवरच्या पेटीचे दिवे पाहावेत. 'लॉस' नावाचा दिवा लाल असेल तर फायबरचा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही. तार तुटली आहे, दुमडली आहे किंवा खाचेतून निघाली आहे. येथे घरचा कोणताही उपाय चालत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. फायबरच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये, ते डोळ्यांना धोक्याचे आहे.

दिवे ठीक असूनही काही चालत नसेल तर राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकावा. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राऊटरचे पान उघडले तर घरातला मार्ग शाबूत आहे, दोष त्याच्या पलीकडे आहे. पान उघडले नाही तर दोष अलीकडे आहे.

एकच यंत्र बंद असेल तर

राऊटरला हात लावू नये, त्या यंत्राकडे पाहावे. प्रत्येक यंत्राला राऊटर एक पत्ता देतो. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. वायफाय बंद करून पुन्हा जोडावे. तरी न जमल्यास ते नेटवर्क विसरायला लावून पासवर्ड नव्याने टाकावा.

राऊटर बहुधा दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडून दूर जाते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण लवकर क्षीण होते. अनेक स्वस्त व जुने प्रिंटर आणि कॅमेरे केवळ २.४ वरच चालतात. त्यांना ५ चे नाव यादीत दिसतच नाही. तसेच सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवला असेल तर जुनी यंत्रे जोडली जात नाहीत. तेथे डब्ल्यूपीए-२ चालेल अशी मिश्र सेटिंग ठेवावी.

वायफाय जोडलेले आहे, पण बँकेचे किंवा जीएसटीचे पान 'असुरक्षित' म्हणून अडते, असे झाल्यास संगणकाची तारीख तपासावी. जुन्या संगणकातली लहान बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित पाने उघडत नाहीत.

प्रिंटर सापडत नाही

दुकानात सर्वांत जास्त वेळ या तक्रारीत जातो, आणि बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो. वीज जाऊन आली की राऊटर प्रिंटरला कधी नवा पत्ता देतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. दुकान दुसऱ्या गल्लीत गेले आणि गिऱ्हाईक जुन्या दारावर उभे राहिले, तसा हा प्रकार.

प्रिंटरचा खरा पत्ता त्याच्याकडूनच विचारावा. बिलाच्या बहुतेक थर्मल प्रिंटरमध्ये कागद सरकवण्याचे बटण दाबून धरत यंत्र चालू केले की माहितीची चिठ्ठी छापली जाते. नेटवर्कवर चालणाऱ्या प्रिंटरच्या चिठ्ठीवर पत्ता असतो. तो संगणकातल्या प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमधील पत्त्याशी ताडून पाहावा. फरक असल्यास संगणकातला पत्ता दुरुस्त करावा. नंतर राऊटरमध्ये तो पत्ता प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवावा, म्हणजे पुन्हा तक्रार येणार नाही.

कंपनी बदलून नवा राऊटर आला असेल तर पत्त्याचे पहिले तीन आकडे पाहावेत. प्रिंटरमध्ये कायमचा पत्ता १९२.१६८.१ चा बसवलेला आणि नवा राऊटर १९२.१६८.० चा, असे असल्यास दोघांची गाठ पडत नाही. एकाची मालिका दुसऱ्याला जुळवून घ्यावी.

मोबाईलवरून छपाई होत नसेल तर मोबाईल त्याच वायफायवर आहे ना, ते पाहावे. मोबाईल डेटावर किंवा पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' नेटवर्कवर असलेल्या फोनला सहसा प्रिंटर दिसत नाही. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणारे यंत्र मात्र बहुधा स्वतःच्या सिमकार्डावर चालते. ते गप्प झाले तर राऊटरचा त्यात दोष नसतो.

गोदामातला दुसरा राऊटर

लहर पोचत नाही म्हणून अनेक जण जुना राऊटर गोदामात लावतात. दोन्ही राऊटर पत्ते वाटू लागले की एका घरात दोन कारभारी होतात. गोदामातल्या संगणकाला दुकानाचा प्रिंटर दिसेनासा होतो. दुसऱ्या राऊटरची सेटिंग 'ॲक्सेस पॉइंट' अशी करावी, म्हणजे पत्ते एकच जण वाटेल.

रीस्टार्ट आणि रीसेट यांतला फरक

वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणे, हे रीस्टार्ट. ते निर्धास्त करावे. टाचणीने दाबायचे बारीक छिद्रातले बटण म्हणजे रीसेट. त्याने वायफायचे नाव, पासवर्ड आणि अनेक ठिकाणी कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत दुकान बंद. ही माहिती हाताशी असल्याशिवाय ते बटण दाबू नये.

वहीत नोंद ठेवा

उधारीची वही ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने नेटवर्कचेही एक पान लिहावे. कंपनीचा ग्राहक क्रमांक, वायफायचे नाव, प्रिंटर व कॅमेऱ्यांचे पत्ते आणि मागच्या दोषाचा उपाय त्यात असावा. पासवर्डचे पान गल्ल्यावर उघडे ठेवू नये. गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचे असेल तर गेस्ट नेटवर्क द्यावे. वीज वारंवार जात असेल तर पेटी व राऊटरसाठी लहान यूपीएस घ्यावा. त्याचे व्होल्ट अडॅप्टरवर छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत आणि अँपियर त्याहून कमी नसावेत.

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर जोडणी सुरू झाली तरी कशाने झाली ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.