सरकींतील पिवळें द्रव्य आणि कर्करोग

वऱ्हाडांतील मुलांस सरकीची ओळख करून द्यावयास नको. अमरावती-अकोल्याच्या जिनांत कापसांतून रुई वेगळी केली म्हणजे मागें उरते ती सरकी. तिचें तेल काढतात, पेंड गुरांस घालतात. परंतु सरकी मधोमध कापून पाहिली तर आंत बारीक काळसर ठिपके दिसतात. त्यांत गॉसिपॉल नांवाचें पिवळें द्रव्य असतें. त्यामुळें किडींपासून कपाशीचें रक्षण होतें. कोंबड्यांस व डुकरांस मात्र तें बाधतें. तेल शुद्ध करतांना तें काढून टाकतात. याच द्रव्याचा कर्करोगाच्या संशोधनाशीं संबंध कसा आला, हें आपण पाहूं.

प्रत्येक पेशीस शक्ति लागते व ती बहुतांशीं साखरेपासून मिळते. प्राणवायूच्या साह्यानें साखर पूर्ण जाळली तर पुष्कळ शक्ति हातीं येते. ती अर्धवट मोडून तिचें दुग्धाम्ल केलें तर फार थोडी. शर्यतींत जोरानें धांवतांना आपल्या स्नायूंत हा दुसरा प्रकार घडतो. १९२० नंतरच्या दशकांत ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, कर्कपेशी प्राणवायु मुबलक असतांही भराभर साखर खातात व तिचें दुग्धाम्ल करतात. असा उधळेपणा कां? साखरेच्या तुकड्यांतून नव्या पेशींची बांधणी करतां येते, हें त्याचें एक कारण आज मानतात.

दुग्धाम्ल तयार करणारें एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें प्रथिन, पेशींत असतें. गॉसिपॉल त्याच्या कामांत अडथळा आणतें; शिवाय पेशीचें मरण टाळणाऱ्या कांहीं प्रथिनांसही तें आवरतें. म्हणून कांचपात्रांत वाढविलेल्या कर्कपेशींची वाढ त्यानें खुंटते.

मग सरकी हें औषध झालें काय? नाहीं. तेंच विकर निरोगी पेशींतही आहे. रक्तांतील तांबड्या पेशींचा तर सारा निर्वाह याच मार्गावर चालतो. चीनमध्यें १९७० नंतरच्या दशकांत संततिनियमनासाठीं हें द्रव्य पुरुषांस देऊन पाहिलें, तेव्हां कांहींच्या रक्तांतील पोटॅशियम उतरलें. कर्करोग्यांवरही त्याच्या चांचण्या झाल्या. परंतु कर्करोगावरील मान्य औषध तें ठरलेलें नाहीं. याउलट अंगणांतील सदाफुलीपासून मिळणारें व्हिन्क्रिस्टीन कसोटीस उतरलें व मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत आज वापरलें जातें. तेंही शुद्ध करून, मोजून व डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. सदाफुलीचा घरगुती काढा हा त्याचा पर्याय नव्हे.

पालकांसही येथें एक विनंति आहे. घरांत हा रोग शिरला म्हणजे माणूस कोणत्याही काढ्याचा आधार शोधतो, आणि त्यांत उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. कांचपात्रांतील पेशी मारणें सोपें आहे. माणूस राखून त्या मारणें कठीण आहे. कोणी नवें औषध सांगितलें तर तें माणसांवर कसोटीस उतरलें आहे काय, हा प्रश्न प्रथम विचारावा.