उतारवयातील कर्करोग : मृत्यूदराचा अर्थ

कर्करोग वाढत चालला आहे, हे विधान गावाच्या चावडीपासून जिल्ह्याच्या नियोजन बैठकीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. या विधानात तथ्य आहे. परंतु ते कोणत्या अर्थाने खरे आहे हे ठरविल्यावाचून त्यावर योजना उभारता येत नाही. रुग्णांची संख्या वाढणे, मृत्यूंची संख्या वाढणे आणि एका ठराविक वयाच्या माणसास कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता वाढणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत. पहिल्या दोन वाढत असता तिसरी घटू शकते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असेच घडले. तेथे १९९१ साली कर्करोगाने सुमारे ५ लाख १४ हजार माणसे दगावली, तर २०२२ साली ६ लाखांहून अधिक. तरीही वयाचा फरक वजा करून काढलेला मृत्यूदर याच काळात सुमारे ३४ टक्क्यांनी उतरला.

हा विरोधाभास एका कल्पित उदाहरणाने उलगडेल. प्रत्येकी एक लाख वस्तीचे दोन तालुके घेऊ. पहिल्यात ६५ वर्षांवरील माणसे ५ हजार, दुसऱ्यात १० हजार. दोन्हीकडे वृद्धांमध्ये कर्करोगाचे मृत्यू दर लाखास ८०० आणि इतरांमध्ये दर लाखास ४० असे मानू. पहिल्या तालुक्यात वर्षाला ४० वृद्ध व ३८ इतर मिळून ७८ मृत्यू होतील. दुसऱ्यात ८० व ३६ मिळून ११६. दुसऱ्या तालुक्याचा ढोबळ दर जवळजवळ दीडपट भरला, पण तेथील कोणाही एका माणसाचा धोका कणभरही अधिक नाही. तेथे म्हातारी माणसे अधिक आहेत, एवढेच. म्हणून तज्ज्ञ एक प्रमाण लोकसंख्या गृहीत धरून दर काढतात, किंवा त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक वयोगटाचा दर स्वतंत्रपणे पाहतात. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण १९६१ च्या जनगणनेत ५.६ टक्के होते, ते २०११ मध्ये ८.६ टक्के झाले. महाराष्ट्रात ते त्याच वर्षी ९.९ टक्के होते. केवळ या बदलाने कर्करोगाच्या मृत्यूंची संख्या फुगणे अपरिहार्य आहे.

तीन वयोगट, तीन कहाण्या

वयोगटवार नोंदी दीर्घकाळ सलगपणे ठेवणाऱ्या देशांत अमेरिकेचा समावेश होतो. तेथे ६५ ते ७४ वयोगटात १९५० साली दर लाखामागे सुमारे ६९० माणसे कर्करोगाने मरण पावत. १९९० पर्यंत हा आकडा सुमारे ८७० वर गेला आणि २००० साली सुमारे ८१५ वर उतरला. ७५ ते ८४ वयोगटात १९५० चा दर सुमारे १,१५० होता. १९९० साली तो सुमारे १,३५० झाला आणि पुढील दहा वर्षे जवळजवळ तेथेच राहिला. ८५ वर्षांपुढील वृद्धांमध्ये मात्र १९९० चा सुमारे १,७५० हा दर २००० साली १,८०० च्याही वर गेला. म्हणजे त्याच देशात, त्याच दशकात एका वयोगटात उतार, दुसऱ्यात सपाटी आणि तिसऱ्यात चढ अशी स्थिती होती. त्या दशकाविषयी एका वाक्यात निष्कर्ष काढणारा कोणीही अर्धाच खरा ठरला असता.

याचे कारण शोधताना मृत्यूच्या सालापेक्षा जन्माच्या सालाकडे पाहणे अधिक उपयोगी पडते. १९९० साली ६५ ते ७४ वर्षांचे असलेले लोक १९१६ ते १९२५ च्या दरम्यान जन्मले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तरुण असलेल्या या पिढीतील पुरुषांमध्ये सिगारेटचा प्रसार प्रचंड होता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध १९५० साली डॉल व हिल या ब्रिटिश संशोधकांनी ठळकपणे दाखविला. अमेरिकी शासनाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर तेथील धूम्रपान घटू लागले, परंतु पुरुषांमधील फुप्फुस-कर्करोगाचा मृत्यूदर १९९० च्या सुमारास शिखरावर पोहोचून मगच उतरला. सवय आणि मृत्यू यांत पंचवीस-तीस वर्षांचे अंतर असते. आज शाळेच्या फाटकाबाहेर विकल्या जाणाऱ्या पुडीचा हिशेब तीस वर्षांनंतरच्या मृत्यू-नोंदवहीत लागतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

वृद्धांच्या दरातील चढाचा काही भाग मात्र निदानामुळे दिसणारा असावा. पूर्वी अतिवृद्ध माणसाच्या तपासण्या फारशा होत नसत. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेत ६५ वर्षांवरील नागरिकांना शासकीय आरोग्य विमा मिळाला, वृद्ध रुग्णालयांत येऊ लागले आणि पूर्वी ‘वार्धक्य’ या सदरात जाणारे काही मृत्यू आता खऱ्या रोगाच्या नावाने नोंदले जाऊ लागले. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जठराचा कर्करोग मोठा मृत्युदाता होता. शीतकपाटांमुळे ताजे अन्न मिळू लागले, खारवून टिकविलेले पदार्थ कमी झाले, जठरातील एका जिवाणूचा संसर्गही घटत गेला आणि हा रोग कोणत्याही खास मोहिमेवाचून ओसरला.

१९८६ साली बेलर आणि स्मिथ या दोन अभ्यासकांनी १९५० ते १९८२ या काळातील आकडे मांडून असे दाखविले, की उपचारांवर अफाट खर्च होऊनही एकंदर मृत्यूदर वाढलेलाच आहे. म्हणून भर प्रतिबंधावर हवा. त्यांच्यावर तेव्हा बरीच टीका झाली. पुढील काळात दर उतरला, त्यात उपचारांचा व लवकर निदानाचा वाटा आहेच. पण सर्वांत मोठा वाटा धूम्रपानातील घटीचा मानला जातो. त्या दोघांचे म्हणणे पुष्कळसे खरे ठरले, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रातील चित्र

या विषयात महाराष्ट्राचे स्थान मानाचे आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ साली याच शहरात स्थापन झाली. १९८७ पासून बार्शी येथून ग्रामीण भागाची नोंदणी सुरू झाली. तीही देशातील पहिलीच. मुंबईच्या दीर्घकालीन नोंदींवरून स्त्रियांमधील गर्भाशयमुखाचा कर्करोग घटत गेला व स्तनाचा वाढत गेला, असे दिसते.

प्रतिबंधाचा पुरावाही येथेच मिळाला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४ झाले. मुंबईच्या वस्त्यांतून १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे ५० वर्षांवरील स्त्रियांमध्ये स्तन-कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीखालील स्त्रियांत असा लाभ दिसला नाही. ‘आता या वयात तपासून काय करायचे?’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला मागे ठेवले जाते. हा आकडा त्यास उत्तर देतो.

पुरुषांच्या बाबतीत तंबाखू हाच मुख्य प्रश्न. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे थोडे, खाणारे व मिश्री लावणारेच फार. अमेरिकेचे फुप्फुसाचे गणित येथे तोंडाच्या कर्करोगाला लावावे लागते.

गावातील नोंद

देशभरातील सुमारे १ लाख २२ हजार मृत्यूंची घरोघर चौकशी करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० ते ६९ या वयात कर्करोगाचे मृत्यूदर खेड्यांत व शहरांत जवळजवळ सारखेच आहेत आणि अल्पशिक्षितांत ते उच्चशिक्षितांच्या दुपटीहून अधिक आहेत, असे त्यातून दिसले. कर्करोग हा शहरी सुखवस्तूंचा रोग, ही समजूत यापुढे टिकू नये. परंतु सत्तरीपलीकडे अशी तोंडी चौकशी कमी भरवशाची होत जाते. वृद्धाला अनेक व्याधी असतात, तपासणी झालेली नसते आणि घरची माणसे ‘वयोमानानुसार’ एवढेच सांगतात.

२०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयरीत्या प्रमाणित होते. गोव्यासारख्या छोट्या राज्याने हे काम जवळजवळ पूर्णत्वास नेले आहे, ही जमेची बाजू. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, दवाखान्यात मृत्यू झाल्यास कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत नातलगांना विनामूल्य देणे संस्थेवर बंधनकारक आहे. घरी झालेल्या मृत्यूच्या वेळी मात्र सारी भिस्त निबंधकाच्या चौकशीवर राहते. मृत व्यक्तीचे केसपेपर, शेवटच्या आजारात पाहणाऱ्या डॉक्टरांचे नाव, कोठे गाठ होती काय, गिळण्यास त्रास होता काय, तंबाखूची सवय होती काय, ही विचारपूस आशा कार्यकर्तीच्या मदतीने पहिल्या आठवड्यात झाली तर बहुधा पूर्ण होते. महिना उलटल्यावर कागद सापडत नाहीत, आणि नोंदवहीत ‘वार्धक्य’ हाच शब्द उमटतो.