उजेडाची मात्रा : प्रकाश, उत्साह आणि निद्रा

स्मरणिकेसाठी एखादा शास्त्रीय लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक बरीच वर्षे मनात घर करून आहे. तिच्यापासूनच आरंभ करतो.

ऐन मे महिन्यात पस्तिशीतील एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला. झोप येत नाही, दिवसभर अंगात त्राण नसते, एवढीच तक्रार होती. रक्तदाब, साखर, थायरॉइड, सारे ठीक होते. बाहेर रुग्णांची रांग होती. मी अल्प्राझोलाम लिहून दिले. 'झोपण्यापूर्वी एक गोळी'. तो केव्हा झोपतो, हे मात्र मी विचारले नाही. त्याची त्या दिवसांत रात्रपाळी होती. सकाळी घरी जाऊन तो गोळी घेई, तापलेल्या पत्र्याखाली दुपारी उजेडाने व उकाड्याने जाग आली की दुसरी घेई आणि त्याच गुंगीत रात्री मागावर उभा राही. दहाव्या रात्री डुलकी लागली आणि उजव्या हाताची तर्जनी यंत्रात सापडली. पहिले पेर काढावे लागले. ड्रेसिंगला येताना त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. गोळीचा आणि बोटाचा काही संबंध असेल, हे त्याला सुचलेच नव्हते. मला मात्र सुचले होते. त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले.

डोळ्याचे दुसरे कार्य

आपण विद्यार्थिदशेत शिकलो ते असे, की दृष्टिपटलात दंडपेशी व शंकुपेशी असतात आणि त्यांच्यामुळे दिसते. हे अपुरे होते. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेत मेलॅनॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन, समेर हत्तार आदींच्या संशोधनातून स्पष्ट झाले, की सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील काही मोजक्या गँग्लिऑन पेशी या प्रथिनाच्या योगाने स्वतःच प्रकाश ओळखतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांचा संदेश हायपोथॅलॅमसमधील सुप्राकायझमॅटिक केंद्रकाकडे, म्हणजे शरीराच्या मुख्य घड्याळाकडे जातो. तेथून मेलाटोनिन, कॉर्टिसॉल व शरीराचे तापमान यांच्या चढउतारांचे नियमन होते.

नेत्रतज्ज्ञ मित्रांसाठी येथे एक लक्षणीय बाब आहे. चार्ल्स झाइस्लर व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की पूर्ण अंध असलेल्या काही व्यक्तींमध्येही डोळ्यांवर प्रखर प्रकाश पाडल्यास मेलाटोनिन घटते. ज्यांना दिसत नाही, त्यांतील काहींच्या शरीराला दिवस 'कळतो'. उलटपक्षी, वाढत्या वयात नेत्रभिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो. माजघरात बसून राहणाऱ्या आजोबांची रात्रीची झोप मोडते, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

हे घड्याळ स्वभावतः थोडे मागे पडणारे आहे. मनुष्याचे अंतर्गत चक्र सरासरी सुमारे २४.२ तासांचे असते. सकाळचा प्रकाश त्याला रोज पुढे ओढून चोवीस तासांवर आणतो, रात्रीचा प्रकाश त्याला आणखी मागे ढकलतो. म्हणजे तोच प्रकाश सकाळी औषध आणि रात्री अपथ्य! या घड्याळाची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लक्सचा हिशेब

प्रकाश हे औषध मानले तर मात्रेचा विचार अटळ ठरतो. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, झाडाच्या सावलीत काही हजार, घरात ट्यूबलाइटखाली शंभर ते तीनशे आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही नसतो. परंतु आपल्या डोळ्याला हा हजारपट फरक जाणवत नाही. आपल्या कुंडी भंडाऱ्यात उतरताना हा अनुभव सर्वांनीच घेतला असेल. प्रथम काळोख वाटतो आणि काही मिनिटांतच भिंतीवरचे क्षाराचे थर दिसू लागतात. डोळा जुळवून घेतो. म्हणूनच 'आमच्या घरात भरपूर उजेड आहे' या रुग्णाच्या वाक्यावर फारसे विसंबू नये.

१९८० मध्ये आल्फ्रेड ल्यूई व सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की २५०० लक्सच्या प्रकाशाने मनुष्याचे रात्रीचे मेलाटोनिन दबते. त्या वेळी घरगुती उजेड निरुपद्रवी वाटला होता. २०११ च्या एका अभ्यासाने तो समज दूर केला. झोपण्यापूर्वीचे तास मंद उजेडाऐवजी दोनशे लक्सपेक्षा कमी अशा सामान्य खोलीच्या उजेडात घालवले, तरी मेलाटोनिन स्रवण्याचा कालावधी सुमारे दीड तासाने आखडला. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने मर्यादा सुचवल्या. मेलॅनॉप्सिनच्या संवेदनशीलतेनुसार डोळ्यापाशी मोजलेला प्रकाश दिवसा किमान २५० लक्स, झोपेपूर्वीचे तीन तास कमाल १० आणि झोपेत कमाल १ असावा. आपल्या बहुतेकांचे जीवन याच्या नेमके उलटे आहे: दिवसा अंधूक खोली, रात्री लखलखाट.

आपले बुऱ्हाणपूर

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. आपले शहर त्याच्या पश्चिमेस, सुमारे ७६.२ अंशांवर वसलेले असल्याने आपला सूर्य घड्याळाच्या पंचवीस मिनिटे मागे चालतो. जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर होतो. सकाळच्या शाळेची मुले अंधारात उठतात, ती त्यांच्या शरीराच्या रात्रीतच. त्यातच रात्री अकरापर्यंत हातात मोबाइल असेल, तर पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवणे अन्यायाचे होईल.

उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. पारा चाळिशीपलीकडे गेला की आपण दारे-खिडक्या लावून कूलरसमोर अर्ध्या काळोखात दिवस काढतो. ते योग्यच आहे. उष्माघातापुढे लक्सचा हिशेब गौण. पण मग सकाळी सात-साडेसातच्या आत अर्धा तास बाहेर पडणे अधिकच आवश्यक ठरते. पूर्वी आपण गच्चीवर झोपत असू. तांबडे फुटताच डोळ्यांवर हळूहळू उजेड येई आणि घड्याळाला आपोआप किल्ली बसे. खिडक्या बंद करून वातानुकूलित खोलीत झोपणाऱ्याला हा लाभ नाही.

आणि रात्री राबणारा वर्ग आपल्याकडे मोठा आहे. यंत्रमागावरचा कामगार, रात्री वीज आली की केळीच्या बागेला पाणी द्यायला जाणारा शेतकरी, आणि आपल्याच वॉर्डातील परिचारिका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये 'बहुधा कर्ककारक' गटात घातले आणि २०१९ च्या फेरविचारातही ते तेथेच राहिले. यामुळे घाबरून जाऊ नये, पण या माणसांचा निद्रानाश 'मनाचा खेळ' म्हणून झटकूनही टाकू नये.

व्यवहारात काय करावे?

अलीकडे झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी गोळीपूर्वी चार प्रश्न विचारतो. आपण केव्हा झोपता? सकाळी उजेडात किती वेळ असता? रात्री कोणत्या उजेडात बसता? झोपण्याच्या जागी उजेड येतो का? यास दोन मिनिटे लागतात.

दिवसा काम करणाऱ्यांना उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर चालणे, संध्याकाळनंतर पांढऱ्या एलईडीऐवजी पिवळसर, मंद दिवा आणि झोपताना संपूर्ण अंधार, एवढे सांगावे. वृद्धांची खाट किंवा खुर्ची दिवसा ओसरीवर आणावी; रात्री उठताना पडू नयेत म्हणून पायाच्या उंचीवर लहानसा लालसर दिवा ठेवावा.

रात्रपाळीवाल्याला मात्र सकाळी फिरायला जा, असे सांगणे चुकीचे. त्याला पाळीच्या पूर्वार्धात भरपूर उजेड हवा, उत्तरार्धात सुरक्षिततेला बाध न येईल इतपत कमी. घरी पोहोचताच खिडकीला जाड काळे कापड लावून झोप घ्यावी आणि दिवसाची ती झोप घरच्यांनी रात्रीच्या झोपेइतकीच जपावी. चरकाचार्यांनी निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. एरवी दिवसा झोपणे निषिद्ध मानूनही जागरणाने थकलेल्यांना त्यांनी मुभा ठेवली आहे. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर घड्याळ पूर्णपणे जुळत नाही, हेही रुग्णाला प्रामाणिकपणे सांगावे. आणि आपल्या वॉर्डांत रात्री सरसकट सारे दिवे जळत ठेवण्याची खरोखरच गरज आहे काय, याचा विचार आपणच करावयाचा आहे.

प्रत्येक निद्रानाश उजेडाने बरा होईल, असा माझा दावा नाही. नैराश्य, श्वासरोध, वेदना यांचा शोध घ्यावाच लागतो, आणि गोळीचीही वेळ येते. परंतु ती वेळ चार प्रश्नांनंतर यावी.

तो कामगार पुढे पुन्हा आला. या खेपेस मुलाला ताप होता. झोपेचे विचारले, तर म्हणाला, खिडकीला काळी चादर लावली आहे, बायको दुपारी कुकरची शिट्टीही होऊ देत नाही. पाच-सहा तास लागते झोप. मुलाची चिठ्ठी त्याने डाव्या हातात घेतली. उजव्या हाताकडे मी पाहिले, आणि त्याच्या ते लक्षात आल्यावर त्याने तो सहजपणे खिशात घातला.