बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झटका देतो, तेव्हा आधी काय पाहावे?

आमचा धंदा कापडाचा. उमर नागपूरच्या गांधीबाग-इतवारीच्या बाजारात गेली. मोटारीच्या पोटाशी आमचा संबंध बिल भरण्यापुरताच. तरी आज गिअरबॉक्सवर लिहीत आहोत, कारण या प्रकरणात आमचे पैसे अडकले होते आणि एका तरुण मिस्त्रीची इज्जतही.

आमचा डावा गुडघा निकामी झाला, क्लच दाबवेना, म्हणून चार गिअरची एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. काही वर्षांनी तिचा गिअरबॉक्स घसरू लागला. एका तरुण मिस्त्रीने तो उतरवला, क्लच प्लेटा आणि सील नवे टाकून पुन्हा बांधला. गाडी चालू लागली, पण दांडी डीवर टाकताच धाडकन आवाज येई आणि प्रत्येक गिअर बदलताना मानेला झटका बसे. कुणी म्हणाले तेल जाड आहे, कुणी म्हणाले कन्व्हर्टर गेला. मिस्त्री बिचारा पुन्हा बॉक्स उतरवायला तयार झाला. म्हणजे त्याची काही दिवसांची मजुरी पाण्यात आणि आमची गाडी पुन्हा घोड्यावर. तेवढ्यात एका वयस्कर उस्तादांना गाडी दाखवली. त्यांनी ज्या क्रमाने तपास केला, तो क्रम कारागीर बंधूंच्या उपयोगाचा आहे.

आधी बॉक्सची जात ओळखा

आज ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाखाली निरनिराळे बॉक्स येतात. 2014 साली आलेल्या मारुती सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटीचा प्रसार झाला. त्यात साधाच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि पुल्या असतात. आम्ही येथे बोलतो ते टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या बॉक्सबद्दल. त्यात पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी ते तेल वाटते आणि त्या दाबाने क्लच प्लेटा आवळल्या जातात. दाब जास्त झाला तर प्लेटा एकदम पकडतात आणि झटका बसतो. कमी झाला तर प्लेटा घसरतात. मागावर ताण्याचा ताण बिघडला की विणकर सुताला दोष देतो, तसाच हा प्रकार आहे. आधी ताण मोजावा, मग सुताला बोल लावावा.

झटका कसा आहे, हे मालकाला विचारा

उस्तादांनी पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून पाहिली. त्यांनी सांगितलेला फरक असा:

1. गाडी गिअरमध्ये टाकताना आणि सगळेच गिअर बदलताना झटका बसत असेल, तर मुख्य दाब जास्त असण्याचा संशय घ्यावा.

2. फक्त एकाच बदलाला, समजा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका बसत असेल, तर त्या गिअरचा ॲक्युम्युलेटर पाहावा. त्याचा पिस्टन, स्प्रिंग किंवा सील चुकले असेल, व्हॉल्व्ह बॉडीतला एखादा छर्रा राहून गेला असेल किंवा भलत्या जागी बसला असेल.

3. आधी इंजिन मोकळे फिरून घुरघुरते आणि मग दणका बसतो, तर तो झटका घसरण्यातून आलेला आहे. तेथे दाब कमी आहे, सील गळते आहे किंवा प्लेटांमधली फट जास्त राहिली आहे. पहिल्या आणि या तिसऱ्या प्रकाराचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून येथे चूक झाली तर पुढचे सगळे चुकते.

स्वस्त तपास आधी, महाग तपास नंतर

पहिले तेल. बहुतेक एटीएफचा रंग लाल असला तरी गुण एक नसतो. घर्षणाचा मेळ बिघडला की झटका किंवा थरथर येते. म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच तेल टाकावे. बहुतेक गाड्यांत पातळी सपाट जागेवर, तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहतात. काही कंपन्यांची रीत वेगळी असते. तेल कमी असले तर पंप हवा ओढतो, जास्त असले तर फेस होतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा बॉक्स बांधताना कूलर आणि त्याच्या नळ्या धुतल्या होत्या का, हेही विचारावे. जुन्या प्लेटांचा भुसा तेथे राहतो आणि नव्या व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकतो.

दुसरे, बॉक्सच्या बाहेरची ढिलाई. इंजिनाचे फाउंडेशन फाटले असेल, ॲक्सलच्या जॉइंटमध्ये खेळ असेल किंवा इंजिनाची रेस जास्त असेल, तरी दणका बसतो. जुन्या, केबलवर चालणाऱ्या बॉक्समध्ये थ्रॉटलची केबल जास्त ताणली गेली, तर गिअर उशिरा आणि कडक पडतात.

तिसरे, स्कॅनर. आमच्या गाडीत डॅशबोर्डवरचा दिवा लागला होता. बॅटरीची वायर काढून तो विझवला गेला, पण तो पुन्हा लागला. दिवा विझवणे म्हणजे तक्रारीचा कागद फाडणे. उस्तादांनी कोड वाचला. तो दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडच्या सर्किटचा निघाला.

चौथे, प्रेशर गेज. बॉक्सवरचे बूच काढून गेज लावले. इंजिन सावकाश चालू असतानाही दाब पुस्तकातल्या आकड्याच्या फार वर होता. मग त्यांनी सोलेनॉइडचे सॉकेट काढले. काटा हललाच नाही! या प्रकारच्या बॉक्समध्ये सोलेनॉइडची वीज तुटली की दाब सर्वांत वर जातो, म्हणजे प्लेटा घसरून जळत नाहीत. सॉकेट काढूनही फरक पडला नाही, याचा अर्थ सॉकेट लावलेले असतानाही वीज पोहोचत नव्हती, किंवा आतला व्हॉल्व्ह अडकला होता. मल्टिमीटरने बॉक्सच्या बाजूने सोलेनॉइड मोजला, तो बरोबर निघाला. वायरिंगच्या सॉकेटमध्ये मात्र एक पिन मागे सरकलेली दिसली. बॉक्स चढवताना सॉकेट तिरपे दाबले गेले असावे. पिन जागेवर बसवताच काटा खाली आला.

शेवटचे काम विसरू नका

झटका बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. कारण कॉम्प्युटरला जुन्या, झिजलेल्या प्लेटांची सवय होती. त्या हिशेबाने तो दाब देत होता. उस्तादांनी स्कॅनरने जुनी शिकवण पुसली आणि हलक्या पायाने, थांबत थांबत गाडी चालवली. मग गिअर असे पडू लागले की कळेना. तरुण मिस्त्रीचे आतले काम चोख होते. बॉक्स उतरवला असता तर काहीच सापडले नसते.

दोन गोष्टी हिशेबाच्या

मिस्त्री बंधूंनी बॉक्स देताना कागदावर लिहून द्यावे: कोणते सामान बदलले, कोणते तेल किती टाकले, गेजवर दाब किती आला, शिकवण पुसली की नाही. पुढे वाद झाला तर हाच कागद साक्ष देतो.

आणि आम्हा व्यापाऱ्यांनी तपासाची मजुरी द्यायला शिकावे. थान उलगडून दोष शोधणाऱ्याला आम्ही पैसे देतोच ना? पण मिस्त्रीने एकही सामान बदलले नाही की आमचा हात खिशात जायला कचरतो. मग त्याला पोटासाठी नसलेला बिघाड दाखवावा लागतो, आणि ती सवय त्याला आम्हीच लावलेली असते. त्या दिवशी उस्तादांनी सांगितलेली रक्कम आम्ही घासाघीस न करता दिली. दुसऱ्यांदा बॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे ती काहीच नव्हती.