शेरूच्या रिपोर्टविषयी

चि. सायलीस,


शेरूचा रिपोर्ट पाहिला. एसजीपीटी हे यकृताचं एंझाइम वाढलंय, अल्कलाइन फॉस्फटेजही. 'कुत्रा तर मजेत खेळतोय, लॅबचंच चुकलं असेल,' असं तू लिहितेस. तसं समजू नकोस. यकृताकडे शिल्लक ताकद भरपूर असते. सुमारे ७० टक्के काम बंद पडेपर्यंत ते निभावून नेतं. तोवर दिसतं ते किरकोळच: ताटलीत थोडं उरतं, अधूनमधून पिवळट उलटी होते, पाणी जास्त पितो, फिरायला नेलं की लवकर बसतो.

मात्र एसजीपीटी पेशींना इजा होतेय एवढंच सांगतं. यकृत काम किती करतंय, हे त्यातून कळत नाही. फॉस्फटेज तर खाजेवरच्या स्टेरॉइडनंही चढतं. अशी गोळी दिली असशील, तर डॉक्टरांना सांग. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची तपासणी, सोनोग्राफी, शिवाय लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) आणि गोचीड-ताप यांच्या चाचण्या करायला हव्यात. लेप्टो माणसालाही होतो, म्हणून निकाल येईपर्यंत शेरूची लघवी हातमोजे घालून पूस. कारण न शोधता लिव्हर टॉनिक सुरू करणं म्हणजे मालकाचं समाधान. इतकी वर्षं प्रॅक्टिस केल्यावर माझं हेच मत आहे.

आता कलेजी. शेरूला ताकद यावी म्हणून आजी ती रोज घालते ना? बंद कर. शेरू लॅब्रॅडॉर, आणि काही लॅब्रॅडॉरच्या यकृतात आनुवंशिकतेनं तांबं साठत जातं आणि कलेजीत तांबंच भरपूर असतं. साठलेलं तांबं रक्तात कळत नाही, यकृताचा तुकडा काढूनच तपासावा लागतो. म्हणून एंझाइम उतरत नसतील तर बायॉप्सीला घाबरू नकोस. आजी रागावेल, रागावू दे.

पण प्रथिनं तोडू नकोस. यकृत भरून यायला तीच लागतात. उकडलेलं अंडं, दही, चिकन, भात, थोडं थोडं करून दिवसातून तीन-चारदा दे. जेवणानंतर तो गोंधळल्यासारखा चकरा मारू लागला, तरच प्रथिनांचा विचार डॉक्टर वेगळा करतील. घरातली पॅरासिटामॉल त्याला कधीही देऊ नकोस. गॅलरीतली सायकसची कुंडीही कुणाला तरी देऊन टाक, तीही त्याच्या यकृताला विषारी.

तीन-चार आठवड्यांनी रक्त पुन्हा तपास, त्याच लॅबमध्ये. मधेच डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या, तर माझ्या फोनचीही वाट पाहू नकोस. त्याच दिवशी दवाखाना गाठ.

तुझा,
मामा